सिनेमॅटिक म्हणे!

हल्ली ज्याला त्याला 'सिनेमॅटिक' हवे असते. लग्नाचा व्हिडिओ सिनेमॅटिक, बारशाचा सिनेमॅटिक, गच्चीवरच्या कुंडीतल्या जास्वंदीचासुद्धा सिनेमॅटिक! आमच्याच गोतावळ्यातली तीन-चार मुले सध्या व्हिडिओ करायला शिकताहेत. मला त्यांचे कौतुकच आहे. पण त्यांच्या गप्पा कानावर आल्या की माझ्यातली जुनी शाळेतली बाई जागी होते. "आजी, लुक येत नाहीये," ही कायमची तक्रार. कशाचा व्हिडिओ करतोयस रे, म्हणून विचारावे तर उत्तर येते, "ते नंतर बघू, आधी लुक जमायला हवा."

माझे भांडण आहे ते नेमके या वाक्याशी.

मी छत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. दरवर्षी वर्गात दोन-चार मुले अशी असायचीच, की ज्यांच्या निबंधाला तांबड्या शाईचा समास, सुरुवातीला एक सुभाषित, शेवटी एक सुविचार, मध्ये 'जणू काही' आणि 'सोनेरी किरणे' यांची पेरणी. सगळा थाट असायचा. फक्त 'माझी आई' या निबंधात आई कुठे सापडायची नाही! कुणाच्याही आईला चालेल असा तो निबंध. आणि मागच्या बाकावरचा एखादा मुलगा वेड्यावाकड्या अक्षरात लिहून जायचा की माझी आई भाकरी थापताना बांगड्या कोपराकडे सारते. संपले! आई समोर उभी राहिली. मंडळी, आजचे 'सिनेमॅटिक' हे त्या पहिल्या निबंधासारखे आहे. विशेषण आहे, पण त्याला टेकायला नाम नाही.

आता हे विशेषण कशाकशाचे बनले आहे ते बघू. नवशिक्यांना शिकवणारे व्हिडिओ मी मुद्दाम बसून पाहिले. (निवृत्त माणसाला वेळेची काय कमतरता!) बहुतेक सगळे तेच चार-पाच दागिने विकतात.

पहिला दागिना, वर-खाली काळ्या पट्ट्या. त्या कुठून आल्या? १९५० च्या आसपास अमेरिकेत घरोघरी टेलिव्हिजन पोचू लागला आणि थिएटरातली गर्दी ओसरू लागली. तेव्हा घरच्या खोक्यात मावणार नाही असे काहीतरी दाखवायचे म्हणून पडदा रुंद केला गेला. १९५३ साली 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. खास भिंगाने चित्र आडवे आक्रसून फिल्मवर घ्यायचे आणि थिएटरात तशाच भिंगाने पुन्हा पसरायचे, अशी ती युक्ती. आपल्याकडे १९५९ साली गुरुदत्तने 'कागज के फूल' सिनेमास्कोपमध्ये केला. म्हणजे ही रुंदी आली ती चित्र मोठे करण्यासाठी. आणि आपण काय करतो? तळहाताएवढ्या पडद्यावरचा वरचा आणि खालचा मिळून जवळजवळ पाव भाग काळ्या रंगाने झाकून टाकतो. टीव्हीपेक्षा मोठे दिसायला काढलेली युक्ती आपण चित्र लहान करायला वापरतो! 'संत तुकाराम' (१९३६) आणि 'पथेर पांचाली' (१९५५) हे दोन्ही जवळजवळ चौकोनी चित्रपट आहेत. त्यांना कुणी सिनेमा नाही म्हणून दाखवावे.

दुसरा दागिना, मागचे सगळे धूसर. मोठ्या फिल्मवर आणि मोठ्या तोंडाच्या भिंगाने जवळच्या वस्तूवर नजर धरली की मागचे आपोआप पुसट होते. फोनमधला चित्र टिपणारा भाग नखाएवढा, त्यामुळे तिथे बहुतेक सगळेच स्पष्ट येते. मग ते धूसर करायला गणित वापरावे लागते. २०२१ साली आयफोन १३ बरोबर तर 'सिनेमॅटिक मोड' नावाचे बटणच आले. बटण दाबले की सिनेमा! माझा त्या बटणाला विरोध नाही. पण मागचे पुसायचे का, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. १९४१ च्या 'सिटिझन केन'मध्ये ग्रेग टोलंड या छायाचित्रकाराने नेमके उलटे केले. जवळचे, मधले, लांबचे, सगळे एकाच वेळी लख्ख. कारण त्या गोष्टीत मागे काय चालले आहे हे पुढच्याइतकेच महत्त्वाचे होते. आपल्या घरात तर मागेच सगळे असते हो! देव्हारा, दाराआडून डोकावणारी पोरे, दळणाचा डबा, भिंतीवरचा आजोबांचा फोटो. वीस वर्षांनी ते बघायला जीव आसुसेल, आणि तिथे नुसता धुरकट लगदा असेल.

तिसरा दागिना, स्लो मोशन. सेकंदाला शंभर चित्रे टिपायची आणि पंचवीसच्या गतीने दाखवायची, की हालचाल चौपट संथ होते. हत्यार उत्तम आहे. पण हत्यार कशासाठी उचलायचे ते दादासाहेब फाळक्यांकडून शिकावे. १९१२ साली, 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी करून टिपली आणि काही दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. म्हणजे काळाशी खेळ त्यांनीही केलाच. पण त्याला कारण होते. रोप उगवताना उघड्या डोळ्यांना दिसत नाही, ते दिसावे म्हणून काळ आवळला. आता सांगा, काकू वाटीत श्रीखंड वाढताहेत हे उघड्या डोळ्यांना दिसत नाही का? मग ते चौपट संथ कशासाठी? आणि संथ केले की मूळ आवाज निरुपयोगी होतो, मग वरून गाणे चिकटवावे लागते. हा दागिना फुकट मिळत नाही, तो आवाज घेऊन जातो. हे लक्षात ठेवा, याच्यावर मी पुन्हा येणार आहे.

चौथा दागिना रंगांचा. तयार रंगांची पुडी मिळते म्हणे, ती टाकली की कातडी नारिंगी आणि बाकी सगळे निळसर-हिरवे. हे दोन रंग एकमेकांच्या विरोधी, म्हणून माणूस उठून दिसतो. हा त्यामागचा विचार चुकीचा नाही. पण तो ज्यांनी केला त्यांनी कपडे, भिंती आणि दिवे आधीच त्या हिशेबाने निवडलेले असतात. आपण तीच पुडी हळदीच्या कार्यक्रमावर ओतली की काय होते? हळद नारिंगी होते आणि हिरवा चुडा निळा पडतो. नवरीच्या हातातला चुडा निळा! ज्या रंगाला आपल्याकडे अर्थ आहे, तोच रंग 'लुक'साठी बदलायचा?

आणि मग तो २४ चा मंत्र. सेकंदाला २४ चित्रे म्हणजेच सिनेमा, असे पोरे देवळातल्या घंटेसारखे वाजवत असतात. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवायचे, गती कमीजास्त व्हायची, चालायचे. १९२० च्या दशकाच्या शेवटी बोलपट आले. आवाजाचा पट्टा फिल्मवरच छापायचा तर गती कायम एकच हवी, नाहीतर आवाज कधी चिरका, कधी जाडा. फार हळू ठेवली तर आवाज बिघडतो, फार जलद ठेवली तर फिल्म जास्त खर्च होते. त्या तडजोडीतून २४ ठरले. म्हणजे हा आकडा वाण्याच्या हिशेबातून आला, सौंदर्यशास्त्रातून नाही! पुढे डोळ्यांना त्याची सवय झाली, हे मान्य. पण आपल्या इथल्या मुलाला त्याहून उपयोगाची गोष्ट कुणी सांगत नाही, ती अशी: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० ठेवले तर चित्र शांत राहते. परदेशी शिक्षकाचे ऐकून १/६० ठेवले की घरभर उजेड लुकलुकतो. सिनेमॅटिकच्या नादात पोरांना वाटते फोन बिघडला!

आता कुणी म्हणेल, बाई नुसत्या नावे ठेवताहेत. नवशिक्याने करायचे तरी काय? तर नवशिक्यांचीच गोष्ट सांगते. १९५२ साली कलकत्त्यात काही तरुणांनी एक चित्रपट करायला घेतला. दिग्दर्शक जाहिरात कंपनीत चित्रे काढणारा, त्याने पूर्वी एकही चित्रपट केलेला नव्हता. छायाचित्रकार विशीतला, साधे फोटो काढणारा, सिनेमाचा कॅमेरा त्याने आयुष्यात चालवलेला नव्हता. दिग्दर्शक सत्यजित राय, छायाचित्रकार सुब्रत मित्र, आणि चित्रपट 'पथेर पांचाली'. पैसे संपायचे, काम थांबायचे, पुन्हा सुरू व्हायचे. जगाने डोक्यावर घेतलेला 'लुक' हा असा नवशिक्यांच्या हातून आलेला आहे.

त्यांच्या पुढच्या 'अपराजितो'ची (१९५६) गोष्ट तर मी प्रत्येक नवशिक्याला पाठ करायला लावीन. काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारायचे होते. बन्सी चंद्रगुप्तांनी सेट केला. पण तशा अंगणात ऊन थेट येत नाही, वरच्या आभाळातून मऊ उजेड झिरपतो, त्याला धड सावली नसते. स्टुडिओतले दिवे तर सुरीसारख्या धारदार सावल्या पाडणारे. सुब्रत मित्रांनी काय केले? अंगणावर आभाळाच्या जागी पांढरे कापड ताणले आणि दिव्यांचा झोत त्या कापडावर टाकून उजेड खाली परतवला. उजेडाचा उगम जितका मोठा तितकी सावली मऊ. बस, एवढेच शास्त्र. पण ते कापड का ताणले? सिनेमॅटिक दिसावे म्हणून नव्हे. काशीच्या अंगणात उजेड असा असतो हे त्यांनी पाहिले होते म्हणून! पाहणे आधी, कापड नंतर.

'कागज के फूल'मधला तो प्रसिद्ध उन्हाचा झोत घ्या. व्ही. के. मूर्तींनी मोठे आरसे लावून खरे ऊनच स्टुडिओत वळवून आणले. पुढे याच मूर्तींना २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला, छायाचित्रकाराला मिळालेला पहिला. कापड आणि आरसा! यातली कोणती वस्तू आपल्या घरात नाही, सांगा. धुतलेले पांढरे धोतर दोरीवर टाका, खिडकीचे ऊन त्याच्यातून गाळून घ्या. पैसे शून्य.

आता मघाचा आवाजाचा मुद्दा. हे लिहावे की नाही, असे मला बरेच दिवस वाटत होते. नात्यातले लोक वाचतात, कुणाला लागायला नको. पण लिहिते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याच्या मुलीचे लग्न झाले. घाण्याच्या दिवशी जात्यावर हळद दळताना आमच्या थोरल्या जाऊबाई ओव्या म्हणायला बसल्या. वय शहाऐंशी. त्यांच्या ओव्या पुस्तकातल्या नव्हेत. सासर-माहेरची गावे, आमच्या सासूबाईंचे नाव, मेलेल्या दिरांची नावे, विहिरीचे, बैलांचे, सगळे त्यात गुंफलेले. त्या गात असताना सगळ्या बायका गप्प झाल्या होत्या. त्याचा व्हिडिओ एका होतकरू मुलाने केला. नाव लिहीत नाही, मुलगा गुणी आहे, कष्टाळू आहे. तीन मिनिटांचा सिनेमॅटिक व्हिडिओ आला. त्यात जाऊबाई आहेत. चार सेकंद. संथ. जात्याचा खुंटा धरलेला हात, मागचे धूसर, वर-खाली पट्ट्या, आणि वरून कुठल्याशा हिंदी गाण्याचे सूर. ओठ हलताहेत, ओवी नाही. मूळ चित्रीकरण मागितले तर कळले की ते संथ करायच्या हिशेबानेच घेतले होते, तुकड्या-तुकड्यांत. सलग आवाज कुठेच नाही.

त्याच पौषात जाऊबाई गेल्या.

आता दुसरी बाजू ऐका. त्याच वेळी आमच्या धाकट्या सूनबाईंनी आपला जुना फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून जमिनीवर ठेवला होता, माहेरच्या मंडळींना दाखवायला म्हणून. फोन अकरा मिनिटे तसाच राहिला. हलला नाही, कारण हलवायला कुणी नव्हते. जमिनीवर बसलेल्या माणसाच्या नजरेची उंची. एका बाजूने दाराचा उजेड, तो जाऊबाईंच्या अर्ध्या चेहऱ्यावर. दुसरी बाजू सावलीत. मागे जिना, जिन्यावर बसलेली मुले, सगळे स्पष्ट. जात्याची घरघर आणि तिच्यावर ओवी. मध्येच एकदा त्या अडखळतात, पुढची ओळ आठवत नाही, आणि पलीकडून नणंद ती जोडून देते. जपानचे यासुजिरो ओझू 'टोकियो स्टोरी'त (१९५३) कॅमेरा असाच खाली, चटईवर बसलेल्याच्या उंचीवर ठेवतात आणि जवळजवळ हलवतच नाहीत. सूनबाईंनी ओझूंचे नावही ऐकलेले नाही. पण आज घरात त्या मुलाचा व्हिडिओ कुणी बघत नाही. सगळे हा बघतात. नवरी मुलगी आता परदेशात असते, ती हा व्हिडिओ लावून स्वयंपाक करते.

मी त्या मुलाला दोष देत नाही. त्याला जे शिकवले गेले ते त्याने चोख केले. दोष शिकवणाऱ्यांचा आहे. त्यांनी त्याला लुक शिकवला, बघायला आणि ऐकायला शिकवले नाही.

यावर येणारे आक्षेप मला पाठ आहेत. "आजी, आता लोक पंधरा सेकंदांच्या वर काही बघत नाहीत." बघत नसतील. पण मग पंधरा सेकंदांवाल्यांसाठी वेगळे कापा, मूळ तरी सलग आणि आवाजासह ठेवा! पंधरा सेकंदांतून अकरा मिनिटे परत येत नाहीत. दुसरा आक्षेप: "म्हणजे सुंदर करूच नये का?" अगदी उलट. जरूर सुंदर करावे. दाराचा उजेड सुंदरच होता की. माझे म्हणणे इतकेच, की सौंदर्य वस्तूतून वर यावे, वरून थापू नये. आणि तिसरा: "तुम्ही मराठीच्या शिक्षिका, तुम्हाला यातले काय कळते?" कॅमेऱ्यातले फारसे नाही कळत, खरे आहे. पण आशय नसलेली सजावट ओळखायला मी छत्तीस वर्षे पगार घेतला आहे.

तेव्हा पोरांनो, एक महिनाभर बाईंचे ऐका. नवीन काही विकत आणू नका. फोन हातात धरू नका, कशालातरी टेकवा. चित्र सुरू केले की निदान दहा सेकंद हलू नका. हलायचेच तर कशाच्या मागे जायचे ते ठरवून मग हला. माणसाला दारा-खिडकीच्या बाजूला बसवा आणि वरचा ट्यूबलाइट बंद करा. ऊन कडक असेल तर पांढरे कापड आडवे धरा. पडद्यावर बोट दाबून धरले की बऱ्याच फोनांत उजेड आणि फोकस तिथेच पक्का होतो, तो करून घ्या, म्हणजे मध्येच चित्र उजळत-अंधारत नाही. बोलणाऱ्याच्या जवळ जा, कारण फोनचे कान डोळ्यांइतके लांबचे नाहीत. पंखा बंद करा. आणि सुरू करण्यापूर्वी एका वाक्यात स्वतःला सांगा, की हे मी कशासाठी टिपतो आहे. वाक्य पूर्ण झाले नाही तर फोन खिशात ठेवा आणि नुसते बघा. तेही शिक्षणच आहे.

महिन्याने हवे तर पट्ट्या लावा. मला वाटते, तुम्हालाच लावाव्याशा वाटणार नाहीत.

असो. फार लांबले. ज्यांच्या घरात ओव्या म्हणणारे, गोष्टी सांगणारे, शिव्या देणारे, काहीही आवाज काढणारे म्हातारे माणूस अजून आहे, त्यांनी प्रतिक्रिया नंतर लिहिली तरी चालेल. आधी तांब्या शोधा.